दोन वाजून दहा मिनिटांचा गीझर

अॅमस्टरडॅमजवळच्या डीमनमध्ये आमच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांच्या संडासात अमेरिका टांगलेली होती.

हे जरा नीट सांगायला हवं. डच लोकांच्या घरी संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर लावायची पद्धत आहे. माणूस बसल्या बसल्या वाचतो की परवा मेहुणीचा वाढदिवस, आणि बाहेर आल्यावर आठवणीने कार्ड टाकतो. काका आमच्या आठ वर्षं आधी हॉलंडमध्ये आले होते आणि डच लोकांच्या ज्या मोजक्या गोष्टी त्यांना मनापासून पटल्या होत्या, त्यांत ही एक. फक्त वाढदिवस त्यांनी काढून टाकले. ते दरवर्षी येतात, त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय, असं त्यांचं मत. त्याच खिळ्यावर त्यांनी अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान लावलं होतं. सहा दिवसांच्या सहलीचं वेळापत्रक, पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटी. हिरव्या चौकटीत प्राणी, निळ्या चौकटीत पाणी, पिवळ्या चौकटीत जेवण. आणि तिसऱ्या दिवसाच्या बरोबर मध्यावर एकुलती एक लाल चौकट: 'ओल्ड फेथफुल उडणे, २.१०'.

त्यांच्याकडे गेलेला माणूस जरा आत जाऊन आला की काका दारातच गाठून विचारायचे, "काय, पाहिलंस का?" पहिल्या भेटीत मी लाजेने अर्धी झाले होते. मला वाटलं, फ्लश नीट झाला नाही.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. मी आणि माझा नवरा तिशीतले, पुण्याहून नुकतेच आलेले. काका नवऱ्याच्या ऑफिसात त्याचे वरिष्ठ. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा त्यांचा व्यवसाय होता, माणसांतल्या शोधणं हा छंद. वय जेमतेम पन्नास, पण सगळे त्यांना काकाच म्हणत, पाठीमागे 'वेळापत्रक'. त्यांच्याकडे कुणी असंच जात नसे. आधी 'अफस्प्राक' घ्यावी लागायची, म्हणजे अपॉइंटमेंट. हा शब्द डच लोक दिवसातून चाळीसदा वापरतात, काका साठदा. चारची अफस्प्राक असेल आणि तुम्ही चारला चार मिनिटं कमी असताना बेल वाजवली, तर दार उघडायचं नाही. दारामागून आवाज यायचा, "अजून चार मिनिटं आहेत." मग आम्ही चिवड्याचा डबा घेऊन लिफ्टसमोर उभे राहायचो. त्यांची मुलगी मास्ट्रिख्टला शिकत होती. तिलाही घरी यायचं तर आधी फोन करून वेळ घ्यावी लागायची, आणि एकदा तिला म्हणे पुढच्या शनिवारची मिळाली होती.

अशा माणसाच्या मनात ओल्ड फेथफुल नावाच्या त्या गीझरने घर केलं, यात नवल नाही. निसर्गाबद्दल काकांचं मत एकंदरीत वाईट होतं. पाऊस न सांगता येतो, वारा सायकलच्या नेहमी समोरूनच येतो. पण अमेरिकेत एक गरम पाण्याचा फवारा आहे आणि तो दीड-दीड तासाने उडतो, हे वाचल्यापासून त्यांना निसर्गात एक तरी सज्जन भेटल्यासारखं झालं होतं. "वेळ पाळणारं पाणी आहे ते," ते म्हणायचे. "आपल्याकडे नळालासुद्धा जमत नाही." मी ही सहल फोनवर आईला सांगितली, तर ती म्हणाली, "गीझर बघायला? तुमच्याकडे बसवलेला नाही का?"

आता ते दोन दहा कुठून आले? काकांनी जानेवारीत इंटरनेटवरून फवाऱ्याची एक वेळ मिळवली. त्यात दीड तास मिळवला. मग आणखी दीड तास. असं करत करत स्प्रेडशीटमध्ये त्यांनी तो फवारा जानेवारीपासून जूनपर्यंत दोन हजारांहून अधिक वेळा उडवला आणि आम्ही पोचणार त्या दिवशी आणून ठेवला. दोन वाजून दहा मिनिटं. माझ्या नवऱ्याने चाचरत विचारलं, "काका, दर वेळी बरोबर दीड तासच असेल का?" काका म्हणाले, "सरासरी आहे ती." सरासरी हा शब्द ते असा उच्चारत, की पुढे बोलणारा आपोआप बसायचा.

काकूंना मात्र सरासरीशी देणंघेणं नव्हतं. त्या पुण्यात अकरा वर्षं शाळेत भूगोल शिकवत होत्या. कमी बोलायच्या, पण बोलल्या की टाचणी टोचल्यासारखं. मला एकदा म्हणाल्या, "अगं, अकरा वर्षं मी ते फळ्यावर काढलंय. खाली तापलेला खडक, वर भेग, भेगेतून पाणी. खडूने. मला एकदा ते खरं बघायचंय. बाकी पाच दिवस मी गाडीत बसून स्वेटर विणेन."

सहलीत आम्ही चौघं: काका, काकू, मी आणि नवरा. नवऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती, कारण रजेच्या अर्जावर सही काकांचीच.

सहलीआधी तालीम झाली. हो, तालीम. यलोस्टोनमध्ये बायसनपासून, म्हणजे तिथल्या रानगव्यांपासून, पंचवीस यार्ड लांब राहावं असा नियम आहे, आणि पंचवीस यार्ड म्हणजे नेमकं किती हे डोळ्यांत बसायला हवं, असं काकांचं म्हणणं. म्हणून एका रविवारी आम्ही फेलुवेच्या जंगलात गेलो. तिथे लांब केसांच्या, लांब शिंगांच्या तांबड्या स्कॉटिश गाई मोकळ्या चरतात. तोंडावर बट, चेहऱ्यावर कंटाळा. काकांनी पिशवीतून कपडे वाळत घालायची दोरी काढली. तिला यार्डायार्डावर गाठी मारलेल्या होत्या. एक टोक माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू गाईकडे जा."

"मी?"

"टोक गाईपाशी नको का?"

"पण काका, पंचवीस यार्डांच्या आत जायचं नाही हाच नियम आहे ना?"

काकांनी दोरीची एक गाठ घट्ट केली. मग म्हणाले, "तालमीत चालतं."

गाईने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या दोरीकडे पाहिलं आणि दोरीची तीन यार्डं शांतपणे चघळली. त्यामुळे पुढे अमेरिकेत आमचा पंचवीस यार्डांचा अंदाज कायम बावीसचा राहिला.

दुपारी अस्वलाची तालीम. जंगलात आवाज करत चाललं की अस्वल आपण होऊन दूर जातं, असं यलोस्टोनच्या पत्रकात छापलेलं होतं. कसला आवाज, ते छापलेलं नव्हतं. काकांनी ठरवलं, आरत्या. सगळ्यांना पाठ असतात, टाळ्यांचा ठेका असतो आणि शेवटच्या कडव्यापर्यंत आवाज चढत जातो. तेव्हा डच जंगलातून ओळीने चार माणसं टाळ्या वाजवत, आरत्या म्हणत चालली. समोरून एक म्हातारं जोडपं सायकलवरून आलं, अदबीने उतरलं, बाईंनी डोक्यावरची टोपी काढली. आम्ही पुढे गेल्यावर त्या बाईंनी ओळीत शेवटी असलेल्या काकूंना हळूच विचारलं, "तुमचं कोणी गेलं का?" काकूंना डच चांगलं यायचं. त्या म्हणाल्या, "नाही अजून. अमेरिकेत जायचे आहेत."

जूनमध्ये आम्ही खरोखर गेलो. पहिले दोन दिवस चौकटी बिनचूक भरल्या. हिरव्यात हरणं आली, निळ्यात धबधबे, पिवळ्यात मोटेलच्या खोलीत काकांच्या छोट्या कुकरमध्ये खिचडी. तिसऱ्या दिवशी आम्ही दोन वाजायच्या आत ओल्ड फेथफुलपाशी हजर. अर्धगोलात लाकडी बाकं, बाकांवर जगभरची माणसं, समोर पांढुरका उंचवटा आणि त्यातून चहाच्या कपातून निघावी एवढी वाफ. माहिती केंद्राच्या पाटीवर लिहिलं होतं: दोन चाळीस, दहा मिनिटं इकडे-तिकडे.

काकांनी पाटी वाचली. मग ते टोपीवाल्या रेंजरकडे गेले आणि घडी केलेला संडासातला कागद त्याच्यापुढे उलगडला.

"माझ्या हिशेबाने दोन दहा आहे," काका इंग्रजीत म्हणाले.

रेंजरने कागद आदराने पाहिला. "छान रंग आहेत," तो म्हणाला. "पण साहेब, आम्ही फक्त अंदाज लावतो. तो त्याने वाचलेला नसतो."

"म्हणजे याला जबाबदार कोण?"

रेंजरने उंचवट्याकडे बोट दाखवलं.

दोन दहाला काका बाकावरून उठून उभे राहिले. एक हात घड्याळावर, एक हात फवाऱ्याकडे. शेजारच्या चार-पाच माणसांनी कॅमेरे वर केले. वाफ होती तेवढीच राहिली. अर्ध्या मिनिटाने काका म्हणाले, "सुरुवात झालीय," आणि बसले.

दोन चाळीस झाले. दोन पन्नास झाले. साडेतीनच्या हिरव्या चौकटीत 'बायसन' लिहिलेलं होतं. काका उठले. "दिलेली दहा मिनिटांची सवलतसुद्धा संपली. चला."

माझा नवरा ऑफिसच्या सवयीने अर्धा उठला. मी त्याच्या शर्टाचं टोक धरून त्याला परत बाकावर बसवलं. काकू हलल्याच नाहीत. पर्स मांडीवर, नजर समोर.

"अगं, चल."

"तुम्ही व्हा पुढे."

सत्तावीस वर्षांच्या संसारात काकांनी हे वाक्य ऐकलेलं नसावं, कारण त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं. मग, कोणत्याही समारंभात नवऱ्यांकडे जे शेवटचं हत्यार असतं, ते त्यांनी काढलं. "मी गाडी काढतो."

"काढा," काकू म्हणाल्या.

ते गेले. सहाव्या मिनिटाला ते उडालं.

आधी दोन-तीनदा थुंकल्यासारखं झालं. लोक हसले. मग ते खरंच उठलं, आणि उठतच राहिलं. माझ्या नवऱ्याने तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मी मात्र काकूंकडे पाहत होते. त्यांचा उजवा हात मांडीवरून वर आला होता, तीन बोटं खडू धरल्यासारखी, आणि तो हळूहळू वर, वर जात होता. पाणी वाऱ्याने एका अंगाला कललं, तसा हातही कलला. सगळं शमल्यावर त्या म्हणाल्या, "मुलींना मी चुकीचं शिकवलं गं. मी ते सरळ काढायचे. ते वाकतं."

काका गाडी सुरू करून बसले होते, मांडीवर नकाशा. फवाऱ्याशेजारच्या हॉटेलच्या छपरामागे थोडी वाफ त्यांनाही दिसली होती; त्यांना वाटलं, हॉटेलचं स्वयंपाकघर. "बारा मिनिटं उशीर," ते म्हणाले. "बायसन काही आपल्यासाठी थांबायचे नाहीत."

बायसन थांबले होते. रस्त्याच्या मधोमध. पाऊण तास. काका हॉर्न वाजवणार होते, पण पत्रकात मनाई होती.

डीमनला परतल्यावर पहिल्याच दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारलं, "काय, उडालं का वेळेवर?" काका म्हणाले, "दोन दहा." शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याच्या घशात चीजचं सँडविच अडकलं. पण रजेच्या अर्जावर पुढच्या वर्षीही सही लागणारच होती, म्हणून त्याने ते गिळलं. दोन्ही गिळलं.

तिथून काकांच्या प्रयोगांना सुरुवात झाली. डीमनमध्ये नवं मराठी कुटुंब आलं, की त्याला आधी खेमेन्टेत म्हणजे नगरपालिकेत नाव नोंदवावं लागे आणि मग काकांचं यलोस्टोन बघावं लागे. शनिवारी चार ते सहा. टीव्हीवर फोटो, मध्ये चहा, आणि शेवटी काका उभे राहून फवारा करून दाखवायचे. आधी गुडघे वाकवून, तोंडाने बारीक फुसफुस. मग एकदम ताठ, हात आढ्याकडे. वर्षभरात तो फवारा दिवाणखान्यातल्या दिव्यापर्यंत पोचला होता. प्रत्येक प्रयोगाच्या अखेरीस तेच वाक्य: "माणसाने वेळ पाळली की निसर्गही पाळतो."

मी स्वयंपाकघरात काकूंना मदत करायची. एकदा प्रयोगाला दहा मिनिटं असताना काका आत आले. मी काकडी चोचवत होते, पाठमोरी. काकांनी हळू आवाजात विचारलं, "अगं, आधी आवाज झाला की आधी पाणी आलं?"

"आधी आवाज," काकू म्हणाल्या. "कुकरची शिट्टी व्हायच्या आधी शिट्टी कशी जागच्या जागी डुगडुगते, तसा."

"डुगडुगते," काका पुटपुटले आणि बाहेर गेले. त्या दिवशी प्रयोगात कुकर आला. टाळ्या पडल्या.

मग माझ्या लक्षात आलं, की हे दर शनिवारी चालतं. लोक ओरडले का? पाणी पडताना धारेचं पडतं की तुषारांचं? वास येतो का? काकू एका वेळी एकच तपशील द्यायच्या, मोजून, खाऊ दिल्यासारखा. शेवटी मला राहवलं नाही. "काकू, तुम्ही सगळ्यांना सांगून का टाकत नाही? त्यांनी पाहिलं नाही, तुम्ही पाहिलंत."

काकूंनी कणिक मळता मळता माझ्याकडे पाहिलं. "अगं, लग्न झाल्यापासून हा माणूस मला सांगत आलाय. कुठे जायचं, किती वाजता, छत्री घ्यायची की नाही. आता दर शनिवारी विचारायला येतो. मी कशाला बंद करू?"

असं दीड-पावणेदोन वर्षं चाललं. मग एका शनिवारी तिसऱ्या मजल्यावर नवीन आलेला सांगलीचा मुलगा, त्याची बायको आणि महिन्याभरासाठी आलेली त्याची आई प्रयोगाला आले. आई सत्तरीच्या, गुडघ्यांनी थकलेल्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. मुलगा काकांचा निस्सीम भक्त झाला होता. फवारा झाला, टाळ्या झाल्या, आणि त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला.

"काका, आम्ही पण जातोय. पुढच्या आठवड्यात. आईला परत एवढा प्रवास झेपणार नाही, म्हणून याच खेपेला. तुमच्या पद्धतीनेच केलंय. जरा नजर टाका ना."

पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटी. हिरव्या, निळ्या, पिवळ्या. आणि मध्यावर लाल: 'ओल्ड फेथफुल, १.२५ ते १.४५'.

"वीस मिनिटं ठेवलीत," तो अभिमानाने म्हणाला. "तुमचं बरोबर दोन दहाला उडालं म्हणालात, म्हणून मीही हिशेब करून काढलंय. एक चाळीस. लगेच पुढे बायसन."

मावशी म्हणाल्या, "मला ते पाणी तेवढं बघायचंय हो. बाकी तुमचं ते म्हशींचं काय असेल ते असू दे."

स्वयंपाकघरात काकूंनी गॅस बंद केला. माझ्या नवऱ्याने टीव्हीकडे पाहायला सुरुवात केली. टीव्ही बंद होता. मी काकांकडे पाहत होते. हा माणूस ऑफिसात दुसऱ्याच्या कामातला स्वल्पविराम सोडत नसे, आणि समोर त्याची स्वतःची चूक सुबक अक्षरात लिहून, रंगवून, सहीला आली होती. खोली भरलेली. पावणेदोन वर्षांच्या टाळ्या. नुसतं 'छान' म्हणाले असते तरी भागलं असतं.

काकांनी खिशातून पेन्सिल काढली. एक पंचवीसच्या पुढच्या सगळ्या चौकटींवर संध्याकाळपर्यंत एक तिरकी रेघ मारली. बायसन गेले, धबधबा गेला, पिवळं जेवणसुद्धा गेलं. त्या मोकळ्या जागेत त्यांनी एकच शब्द लिहिला: 'बसणे'.

"किती वेळ काका?"

"उडेपर्यंत."

"पण ते तर वेळेवर..."

"नाही उडत."

"मग तुम्ही किती वेळ बसला होता?"

काकांनी पेन्सिल खिशात ठेवली. "मी गाडीत होतो," ते म्हणाले.

मुलगा हसला. त्याला वाटलं, काका गंमत करताहेत. मग कुणीच हसेना, तेव्हा तोही थांबला. मावशींनीच गाडं पुढे ढकललं. "मग आत्ता ते वर-खाली करून दाखवलंत ते काय?"

"ते हिचं," काका म्हणाले. आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, जरा मोठ्याने, सगळ्यांदेखत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "अगं, तू सांगतेस का?"

काकू टॉवेलला हात पुसत बाहेर आल्या. काका आपल्या नेहमीच्या जागेवरून, टीव्हीच्या शेजारून, उठले आणि मावशींच्या बाजूला सोफ्यावर येऊन बसले. काकू त्या रिकाम्या जागी उभ्या राहिल्या. पर्स नव्हती, तरी दोन्ही हात पर्स धरल्यासारखे पुढे.

"तर, हे गाडी काढायला गेले," काकूंनी सुरुवात केली.

"दोन पन्नासला," काका म्हणाले.

"अहो, गप्प बसा," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं वर आली. "उडतंय आता."